समोरचा

त्या दिवशी सकाळी आबांनी लेकीच्या चहात साखर घातलीच नाही आणि स्वतःच्या पेल्यात दोनदा घातली. एक घोट घेऊन तोंड वाकडं केलं, पेल्यांची अदलाबदल केली आणि अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "गुपचूप पिऊन टाक! कुणाला सांगू नको!"

पलीकडची शेजारीण अंगण झाडत होती. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "नाही हो सांगत आम्ही कुणाला!"

लेक हसली. आबांनी तिच्याकडे पाहिलं, मग शेजारणीकडे, आणि आपल्या हातून काहीतरी विनोद झालाय एवढं ताडून तेही हसले. मग घसा खाकरून त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला. हा प्रश्न ते अधूनमधून विचारत आणि विचारताना डॉक्टरपुढे बसल्यासारखे ताठ होत.

"माझा आवाज बरा येतो ना?"

तिनं मूठ वळली आणि दुसऱ्या हाताच्या तळव्यावर आपटली. म्हणजे चालू आहे, ठीक आहे.

ही बोली आबांनी खडीक्रशरवरून घरी आणली होती. गावाबाहेर पूर्वी टेकडी होती, तिथं आता खड्डा आहे. त्या खड्ड्याच्या काठावर लोखंडी जबडा दिवसभर दगड फोडत असे. त्याच्यापुढे माणसाच्या बोलण्याची काय कथा! कानाला तोंड लावून ओरडलं तरी ऐकू जायचं नाही. म्हणून माणसं हातांनी बोलू लागली. पट्टा नीट फिरतोय, जबड्यात दगड अडकला नाही, पोरगी पास झाली, बायको आता बरी आहे, या सगळ्याला एकच खूण, मूठ तळव्यावर. दोन्ही हात डोक्यावर आडवे धरले की सुरुंग, पळा. तळवे पुस्तकासारखे उघडले की ही लेक, कारण लहानपणी डबा घेऊन यायची तेव्हाही हिच्या काखेत पुस्तक असायचं.

जबड्याच्या दोन्ही बाजूंना माणसं एकमेकांकडे तोंड करून उभी राहत. ज्याच्या त्याच्या पुढ्यात जो उभा तो त्याचा समोरचा. समोरच्याशी भांडण असो, अबोला असो, त्याच्या पाठीमागं काय चाललंय ते त्याला सांगायचं, हा नेम कुणी मोडला नाही. कारण मुकादम मागून येऊन शिट्टी वाजवायचा. ज्यानं मान वळवली नाही तो बहिरा, आणि बहिरा कामावर नको, सुरुंगाची शिट्टी ऐकू आली नाही तर उद्या कोण निस्तरणार? मुकादमानं शिट्टी तोंडात धरली रे धरली की समोरच्याची भुवई उडे आणि इकडचा झटकन मान वळवून म्हणे, "काय साहेब?" अशी कित्येक वर्षं गेली. मुकादमाला एकही बहिरा सापडला नाही, आणि धड ऐकू येणारा एकही माणूस तिथं उरला नव्हता.

पुढे क्रशर बंद पडला. कामगारांनी मिळून कंपनीवर दावा लावला. कंपनी म्हणाली, कान वयानं गेले, आमच्या मशीनचा काय संबंध? आबांना हे फार लागलं होतं. भरपाईचं ते फारसं बोलत नसत. "आवाज होता," ते म्हणत, "एवढं त्यांनी एकदा तोंडानं म्हणावं. नाहीतर आपण काय तिथं नाचायला जात होतो?"

चहा पिऊन लेक बस पकडायला निघाली. शेजारच्या मोठ्या गावातल्या वाचनालयात ती कामाला होती. आबा पाटी आणि पहार घेऊन शेताकडे निघाले. त्यांचं शेत दगड पिकवणारं. दर नांगरटीला नवे दगड वर येत आणि आबा ते वेचून बांधावर रचत. जन्मभर दगड फोडले, आता म्हातारपणी उचलतोय, म्हणजे बढतीच झाली की, असं ते म्हणत.

"येताना पुस्तक आण!" ते वळणावरून ओरडले. "चित्रांचं! जनावरांचं!"

तिनं लांबून मूठ आपटली.

संध्याकाळी ती हत्तींचं पुस्तक घेऊन आली. घरी आबा नव्हते, म्हणून शेतावर गेली. ते बांधावरच्या दगडांवर पाठमोरे बसले होते. आबांना मागून हात लावायचा नाही, दचकतात, हे तिच्या अंगात मुरलेलं होतं. लांबून वळसा घालून ती त्यांच्या पुढ्यात आली आणि पुस्तक वर धरलं. आबांचे डोळे अर्धे उघडे होते. मांडीवर एक हात, त्यात मुठीएवढा दगड. तिनं पुस्तक हलवलं. मग हात हलवला. मग ती ओरडली. कित्येक वर्षांत तिनं त्यांना हाक मारली नव्हती, मारून उपयोग नव्हता. लांबच्या रानातली माणसं धावत आली तेव्हाही ती हाक मारतच होती.

*

आबांना पोचवून काही दिवस गेले. येणारीजाणारी माणसं कमी झाली. एका दुपारी कोनाड्यातला आबांचा फोन वाजला. तिनं उचलला.

"उचलला! बाई, उचलला!" पलीकडे कुणीतरी दुसऱ्या कुणाला सांगत होतं. मग तिला, "वकीलबाईंच्या ऑफिसातून बोलतोय. मी कारकून. आजोबा आहेत का?"

"ते वारले."

"अरे देवा." पलीकडे कागद सरकल्याचा आवाज आला. "मग आता कसं सांगू तुम्हाला? अहो, किती फोन केले त्यांना! विचारलं, दावा चालू ठेवायचाय का? म्हणाले, हो हो. म्हटलं, का सोडून द्यायचाय? म्हणाले, हो हो. म्हटलं, आजोबा, नक्की काय? म्हणाले, हो, तुम्ही जेवलात का?"

इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा हसली, आणि हसता हसता भिंतीला टेकून खाली बसली.

"सगळे तसेच," कारकून म्हणाला. "कुणी उचलतच नाही, उचललं तर हो हो. म्हणून बाईंनी अर्ज दिलाय कोर्टात. जे प्रतिसाद देत नाहीत त्यांचं वकीलपत्र सोडायचं. तारीख पुढच्या आठवड्यात आहे."

दुसऱ्या दिवशी ती वकीलबाईंकडे गेली. सायकलच्या दुकानावरच्या खोलीत कागदांचे गठ्ठे खुर्च्यांवर बसले होते आणि माणसं उभी होती. वकीलबाईंना सर्दी झाली होती. त्यांनी एक गठ्ठा उचलून खुर्ची मोकळी केली.

"वाईट झालं," त्या म्हणाल्या. "पण माझीही अडचण समजून घ्या. कंपनीनं प्रत्येकाला प्रश्न विचारलेत. कधीपासून कामाला होता, कानाला केव्हापासून त्रास, आधी कुठं दाखवलं. अशील बोलला नाही तर त्याच्या वतीनं मी काय बोलू? मनानं रचू? ते मी करणार नाही. त्यापेक्षा बाजूला होणं बरं."

"बाई, ते बहिरे आहेत."

"माहीत आहे. दावाच तो आहे."

"मग फोन?"

वकीलबाईंनी नाकाला रुमाल लावला. "मी एकेकाला विचारलं होतं. इथं, याच खोलीत. फोनवर ऐकू येतं का? सगळे म्हणाले, हो. नंबर दिले. तुमच्या वडिलांनी तर बोलूनही दाखवलं."

तिला हे डोळ्यांपुढे दिसलं. आबा त्या दाराशी ताठ उभे, कानाला फोन, आणि बाईंच्या खांद्यामागं उभ्या असलेल्या समोरच्याकडे नजर. मुकादम गेला, शिट्टी गेली, तरी ही माणसं तपासणीत उत्तीर्ण होतच राहिली होती. तिनं बाईंना शिट्टीचं सांगितलं, भुवईचं सांगितलं. बाई ऐकत राहिल्या. चहा आला तो निवून गेला.

"हे मला कुणी सांगितलंच नाही," त्या म्हणाल्या.

"त्यांना हे सांगायचं असतं हेच माहीत नाही."

"पण अर्ज दाखल झालाय. माझ्या एकटीच्या शब्दावर आता फिरवता येणार नाही, कंपनीचा वकील लगेच उठेल. माणसं तारखेला आणा. आली तर मी स्वतः सांगेन न्यायाधीशसाहेबांना. नाही आली तर नवा वकील त्यांनी कुठून आणायचा? दावे रद्द होतील. वडिलांचाही."

ती उठली. जिन्यात कारकून म्हणाला, "ताई, फोनवर मी जरा चिडलो होतो एकदा त्यांच्यावर. त्यांना काही..."

"नाही," ती म्हणाली. "तुम्ही जेवलात का, हेच मनात होतं त्यांच्या."

*

आबांचा समोरचा लांब मानेचा होता म्हणून त्याला सगळे बगळा म्हणत. ती त्याला काका म्हणे. खोकल्यामुळे तो आबांना पोचवायला येऊ शकला नव्हता. ती दारात दिसताच त्यानं दोन्ही तळवे पुस्तकासारखे उघडले, आणि मग ते मिटायला विसरून तसाच उभा राहिला.

तिनं हातांनी सांगायला सुरुवात केली. कोर्टाला खूण नव्हती. तिनं मुकादमाची खूण केली आणि हात खूप उंच नेला, मोठा मुकादम. बगळ्याला कळलं.

"हातवारे कसले करतेस, नुसती ओरड," काकू आतून म्हणाली. "नाहीतरी यांना लग्नाआधीपासून ऐकू येत नाही. माझं तरी."

"काय म्हणते?" बगळ्यानं विचारलं.

तिनं मूठ तळव्यावर आपटली.

"खोटं," बगळा म्हणाला आणि पायताण शोधू लागला.

दोघं गावोगाव फिरली. उन्हं तापलेली, रस्त्यावर पांढरी धूळ. एक जण शेळ्या राखत होता. एकानं चहाची टपरी टाकली होती. गिऱ्हाईक काहीही मागो, हा हो म्हणून साखरेचा चहा पुढं करी, आणि लोकांनी त्याची सवय करून घेतली होती. एकाच्या सुनेनं दार अर्धंच उघडलं. "आमच्याकडे तसलं काही नाही, उद्या धाकट्या नणंदेचं लग्न जुळवायचंय," असं म्हणून ती दार लावणार, तर सासराच मागून बगळ्याला दिसला. दाराच्या फटीतून दोघांचं काय ते बोलणं झालं. सुनेला पत्ताच नव्हता.

ज्याला सगळे फौजदार म्हणत तो मात्र ऐकेना. अंगणात बाजेवर बसला होता, मिशा अजून काळ्या. "मला ऐकू येतं!" तो गरजला. "बहिरे असतील ते दुसरे! माझं नाव कुणी घातलं त्यात?"

"अंगठा तुमचाच आहे," लेक त्याला तोंड दिसेल अशी उभी राहून म्हणाली.

"असेल! तेव्हा येत नसेल, आता येतं!"

 बगळा दोन पावलं मागं सरला आणि त्यानं दोन्ही हात डोक्यावर आडवे धरले.

फौजदार बाजेवरून उठला, एवढा मोठा देह, आणि गोठ्याच्या भिंतीआड उकिडवा बसला. डोकं गुडघ्यांत, कानांवर हात. अंगणात कोंबड्या दाणे टिपत होत्या. कुठे काही उडालं नाही. काही वेळानं त्यानं मान वर करून पाहिलं. बगळा तिथंच उभा होता, हात खाली घेऊन.  इतकी वर्षं झाली, टेकडी संपली, मशीन भंगारात गेलं, आणि एका माणसाच्या दोन हातांनी दुसरा माणूस अजून मरणाच्या दारातून मागं ओढला जात होता. लेकीनं हत्तींविषयी वाचलं होतं की त्यांना दूरच्या कळपाची चाहूल पायांतून लागते. पुस्तक मिटून ती बराच वेळ बसली होती तेव्हा. हे तर तिच्या घरात, तिच्या चहाच्या पेल्याशी रोज घडत होतं.

फौजदार धोतर झटकत उठला. "केव्हा निघायचं?" त्यानं हळू विचारलं, म्हणजे त्याच्या मतानं हळू.

*

भाजीच्या टेम्पोतून सगळे आले. कोर्टाच्या बाकांवर बसताना घोळ झाला. सगळे बाक न्यायाधीशांकडे तोंड करून, मग समोरच्याचं तोंड दिसणार कसं? म्हणून पुढच्या बाकावरचे उलटे वळून बसले.

"ए आजोबा!" शिपाई धावला. "साहेबांकडं पाठ करता? हे काय लग्नाचं जेवण आहे का?"

"हो हो," पुढच्या बाकावरचे म्हणाले आणि हलले नाहीत.

बगळा मागच्या बाकावर बसला होता. त्याच्यापुढची जागा त्यानं रिकामी ठेवली होती, तिथं पंचा टाकून.

न्यायाधीश आले. हे लोक कोण, असं त्यांनी विचारण्याआधीच पुकारा सुरू झाला. शिपायानं पहिलं नाव घेतलं, दारात जाऊन पुन्हा घेतलं. ज्याचं नाव, तो पहिल्या बाकावर गुडघ्यावर हात ठेवून बसला होता. पंख्याखाली त्याचे पांढरे केस हलत होते. लेक उठू लागली तेव्हा वकीलबाईंनी लांबूनच तिला हातानं बस म्हटलं. दुसरं नाव. तिसरं. शिपायाचा आवाज चढत गेला. बाहेरच्या झाडावरचे पक्षी उडाले. नावामागून नाव त्या खोलीत पडत होतं आणि विहिरीत टाकलेल्या खड्यासारखं जात होतं, तळाशी आपटल्याचा आवाजही नाही. कंपनीचा वकील कागद आवरू लागला.

"एकही हजर नाही?" न्यायाधीश म्हणाले. "मग तुमच्या अर्जाला कुणाची हरकत दिसत नाही."

वकीलबाई उभ्या राहिल्या. "साहेब, माझ्या अर्जात लिहिलंय की हे लोक प्रतिसाद देत नाहीत. ते सगळे इथेच बसलेत. पहिल्या नावापासून." त्यांचा घसा बसला होता. "अर्ज मला मागं घ्यायचाय. चूक माझी आहे, मी त्यांना फोन करत राहिले."

 न्यायाधीशांनी चष्मा काढला आणि पाठी करून बसलेल्या त्या बाकाकडे पाहिलं. "त्यांना सांगता येईल का कुणाला?"

लेक पुढं गेली. दोन्ही बाकांना दिसेल अशी उभी राहिली.  मग हातांनी सांगितलं. मोठा मुकादम विचारतोय, काम चालू ठेवायचं की बंद?

सगळ्या मुठी एकदम उठल्या आणि तळव्यांवर पडल्या.

तो आवाज! दगड फोडलेल्या हातांचा, एकाच वेळी पडलेला, बंद खोलीतला. खिडकीची तावदानं थरारली. लिहून घेणाऱ्या बाईंची बोटं यंत्रावरून उचलली गेली. आपण केवढा आवाज केला हे त्या माणसांना माहीत नव्हतं. ती शांतपणे बसली होती, मुठी अजून तळव्यांत. आणि बगळ्यानं पुढ्यातल्या पंच्याकडे पाहत मूठ पुन्हा एकदा उचलली आणि आपटली. एकट्याची.

"हे दोनदा का?" न्यायाधीशांनी विचारलं.

"दुसरी माझ्या वडिलांची आहे, साहेब. ते वारले. हे त्यांचे समोरचे."

 न्यायाधीशांनी सांगितलं, अर्ज मागं घेतला असं नोंदवा, दावे सगळे चालू राहतील, मृताच्या जागी मुलीला घ्या. कंपनीचा वकील उठला. म्हणाला, मृताचे कान मशीननं गेले की वयानं हे आता कोण सांगणार? मुलगी काय क्रशरवर होती?

"क्रशरवर नव्हते," लेक म्हणाली. "घरात होते."

"पुढं तुमची साक्ष होईलच," न्यायाधीश तिला म्हणाले. "आज एवढंच सांगा, घरात तुम्हाला काय दिसलं? जरा मोठ्यानं. लिहून घेणाऱ्यांना ऐकू गेलं पाहिजे."

तिनं सवयीनं हात वर केले. या गोष्टीला हातांत खूण नव्हती. मूठ होती, तळवा होता. बगळ्याची नजर तिच्या ओठांवर खिळली होती. रिकाम्या जागेवरचा पंचा पंख्याच्या वाऱ्यानं थोडासा उचलला जात होता. ती त्या जागेपुढे जाऊन उभी राहिली, अगदी समोर. आणि मग जो आवाज लहानपणापासून घरात ऐकला होता, तसाच, सगळ्या आळीला ऐकू जाईल असा आवाज तिनं काढला.

"आबा, तुम्ही विचारायचात, माझा आवाज बरा येतो ना? बरा नव्हता. फार मोठा होता. बसमधली माणसं वळून बघायची, शेजारीण अंगणातून उत्तरं द्यायची. आणि मी संध्याकाळी वळणावर उतरले की तिथूनच तो ऐकू यायचा, तुम्ही शेळीशी बोलायचात, भांड्यांशी बोलायचात. मी तिथंच उभी राहून ऐकायची, आबा. रोज. मगच घरी यायची."